पॅरिसच्या आद्य भोजनदर्शिका व त्यांची साक्ष

पैसे घेऊन जेवण वाढणाऱ्या गृहांचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक एकच कथा सांगत आले आहेत. ती अशी: १७६५ सालीं पॅरिस येथें बूलांजे नांवाच्या इसमानें आपल्या दुकानांत मेंढीचे पाय पांढऱ्या रश्श्यांत घालून विकावयास काढले, शिजविलेलें मांस विकण्याचा मक्ता ज्या धंदेसंघाकडे होता त्यानें त्याजवर फिर्याद केली, निकाल बूलांजेच्या बाजूनें लागला, आणि त्या दिवसापासून 'रेस्तराँ' ही संस्था जन्मास आली. कथा चवदार आहे खरी. परंतु रेबेका स्पँग या विदुषीनें फ्रेंच दप्तरें चाळून २००० सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत अशा खटल्याचा समकालीन पुरावा मिळत नाहीं असें दाखविलें आहे. अस्सल कागदापुढें बखरींतील आख्यायिकांची जी गत आपल्याकडे वारंवार झाली, तीच बूलांजेची झाली.

मग पहिला मान कोणाचा? येथें साक्षीस उभी राहते ती एक पत्त्यांची यादी. माथुरँ रोझ द शांत्वाझो हा गृहस्थ मोठा खटपटी होता. राष्ट्रीय कर्ज पतपत्रांच्या द्वारें फेडण्याची एक योजना त्यानें छापून वांटली, तीपायीं त्यास तुरुंगही पाहावा लागला. याच गृहस्थानें १७६९ मध्यें पॅरिसमधील व्यापारी व कारागीर यांची पंचांगवजा दर्शिका काढली. परस्थ मनुष्यास हवा तो माल व हवा तो कसबी कोठें मिळेल हें सांगणें हा तिचा हेतु. तींत आद्य 'रेस्तोरातर' म्हणून रोझ याचें नांव आहे. म्हणजे शिफारस करणारा व शिफारस झालेला एकच!

तेवढ्यावरून ही साक्ष टाकून द्यावी काय? आमच्या मतें नाहीं. गांवांत नसलेलें दुकान छापील यादींत घालून पत्ता देणें हा उघड मूर्खपणा ठरला असता. वाचक चालत जाऊन पाहूं शकत होता. तेव्हां १७६६ च्या सुमारास सुरू झालेलें रोझचें गृह त्या वेळीं चालू होतें, एवढ्यापुरती यादी विश्वसनीय आहे. 'पहिला' हें विशेषण मात्र त्यानें स्वतःच्या हातानें स्वतःस लावलेला टिळा आहे.

त्या गृहांत नवें काय होतें, हें समजण्यास जुनी चाल ध्यानांत घ्यावी लागते. पूर्वीं खाणावळींत ठराविक वेळीं सर्वांनीं एका मेजाभोंवतीं बसावें, मध्यें येईल तें घ्यावें, आणि शेजारचा हात चलाख असल्यास उपाशी उठावें. 'रेस्तराँ' हा शब्द मूळचा अशक्तांस हुशारी आणणाऱ्या मांसरसाचा. अशा नाजूक प्रकृतीच्या गिऱ्हाइकास ठराविक वेळ मानवत नाहीं, म्हणून स्वतंत्र मेज, पाहिजे तेव्हां जेवण, आणि भाव लिहिलेली पदार्थांची यादी या गोष्टी हळूहळू आल्या. रस मागें पडला, नांव राहिलें.

खऱ्या अर्थानें रसिकांची दर्शिका निघाली ती १८०३ मध्यें. 'आल्मानाक दे गुर्मां' हें तिचें नांव, व ग्रिमो द ला रेनिएर (१७५८–१८३७) तिचा कर्ता. सरकारी करांच्या गबर मक्तेदाराचा हा मुलगा, जन्मतः दोन्ही हातांनीं अधू, शिक्षणानें वकील, व्यवसायानें नाट्यटीकाकार. १८१२ पर्यंत त्यानें आठ भाग काढले. त्यांत महिनेवार खाद्यांचा विचार आहे. शिवाय वाचकास बरोबर घेऊन तो पॅरिसच्या गल्लीगल्लींतून हिंडतो व येथें मिठाई घ्या, तेथें मासा घेऊं नका, असें सांगतो. शहराच्या स्थलवर्णनाचें साधन म्हणून हा भाग अमोल आहे.

परंतु ग्रिमोनें एक परीक्षकमंडळ स्थापिलें होतें. दुकानदारांनीं आपले पदार्थ त्याकडे फुकट पाठवावे, मंडळानें ते खावे, आणि निर्णय पुस्तकांत छापावा, अशी ही व्यवस्था. पक्षपाताचा बोभाटा झाला, यांत नवल तें काय? पुढें १९०० मध्यें मोटारप्रवाशांकरितां निघालेल्या मिशेलँ दर्शिकेनें १९२६ पासून तारांकन सुरू केलें, आणि तिचे परीक्षक नांव न सांगतां जेवून पैसे चुकते करूं लागले.

ग्रिमोच्या हातून झालेला अधिक मोठा घोटाळा निराळाच. राज्यक्रांतीनें उमरावांचे आचारी रस्त्यावर आले व त्यांनीं भोजनगृहें काढलीं, हें मत पसरविण्यांत त्याच्या लेखणीचा वांटा मोठा आहे. १७९१ मध्यें धंदेसंघ मोडले, त्यानें हीं गृहें वाढलीं, इतकें कबूल. पण राजबंधूच्या मुदपाकखान्यांत नोकरी केलेल्या बोव्हिलिए याचें प्रसिद्ध भोजनगृह १७८९ च्या पूर्वींच उघडलें होतें, आणि रोझची यादी तर त्याहून वीस वर्षें जुनी.