पोलिसांविरुद्ध दाद आणि मराठवाड्यातील न्यायासनाचे अंतर

पोलिसांच्या हातून छळ झाल्यास दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न कायद्याच्या ग्रंथांत जितका सोपा दिसतो तितका व्यवहारात नसतो. ज्या ठाण्यात मार खाल्ला त्याच ठाण्याच्या पायऱ्या चढून फिर्याद नोंदविण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. साहजिकच तक्रारदारास वरिष्ठ न्यायासनाकडे पाहावे लागते. मराठवाड्याच्या बाबतीत हे न्यायासन किती दूर होते, याचा विचार केल्याशिवाय येथील दाद मागण्याचा इतिहास नीट उलगडत नाही.

निजामी अमदानीत औरंगाबादचे उच्च न्यायालय हैदराबादेस होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि उच्च न्यायालय मुंबईस गेले. दिशा बदलली, अंतर राहिलेच. औरंगाबादहून वा परभणीहून मनमाडपर्यंत मीटर गेजची गाडी, तेथे दुसरी गाडी, पुढे परक्या शहरात वकील गाठणे व मुक्कामाचा खर्च सोसणे, हे सारे कोठडीतून सुटून आलेल्या शेतमजुरास कितपत शक्य होते?

या अंतरास मुदतीची जोड मिळाली. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ पुढे मराठवाड्यासही लागू झाला. त्याच्या १६१ व्या कलमान्वये, कर्तव्याच्या मिषाने वा अधिकारातिक्रमाने केलेल्या कृत्याबद्दलचा दावा वा खटला सहा महिन्यांच्या आत गुदरला नाही तर तो फेटाळण्यास पात्र ठरतो. राज्यशासनाची पूर्वमंजुरी मिळाल्यास खटल्यापुरती दोन वर्षांची सवलत आहे. परंतु मंजुरी मागावयाची ती ज्याचे ते नोकर त्याच शासनाकडे! जखमा भरून येण्यास, भीती ओसरण्यास आणि पैशाची तजवीज होण्यास जो काळ लागतो, तो या मुदतीत कोठेच धरलेला नाही.

या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने दिलेला ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम’ हा निर्णय (१९६६ च्या निवाडासंग्रहात तो आढळतो) विशेष महत्त्वाचा होय. तपासाचा अधिकार पोलिसास आहे; मात्र संशयितास मारहाण करण्याचा वा बेकायदा अडकवून ठेवण्याचा अधिकार त्या तपासातून उत्पन्न होत नाही. सबब असे कृत्य कर्तव्याच्या छायेत येत नाही व मुदतीचे कवचही त्यास मिळत नाही, असा त्याचा इत्यर्थ. तत्त्व उत्तम, पण ते न्यायालयापुढे मांडण्यासाठी न्यायालयापर्यंत पोचावे लागते.

मराठवाड्यातील वकीलवर्गाच्या व जनतेच्या दीर्घ मागणीनंतर ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादेत मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ बसले. त्याच्या स्थापनेच्या वैधतेसच आव्हान दिले गेले व १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. हा वाद सामान्यतः प्रादेशिक अस्मितेचा म्हणून सांगितला जातो. पोलिसी अत्याचाराच्या तक्रारदारास त्याचा काय उपयोग झाला, हे क्वचितच पाहिले जाते.

तो उपयोग परभणी प्रकरणात स्पष्ट दिसला. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील अशांततेनंतर अटक झालेल्या एका विधी विद्यार्थ्याचा १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय रुग्णालयात झाले आणि अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे प्राथमिक मत नोंदविले गेले. कोठडीतील मृत्यूची दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी कायद्याने आवश्यक आहे. तशी चौकशी झालीही; परंतु तिच्या निष्कर्षांवर पुढे कोणी कोणती कारवाई करावी, याविषयी कायदा मुग्ध आहे. मृताच्या आईने औरंगाबाद खंडपीठाकडे धाव घेतली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्यशासन सर्वोच्च न्यायालयात गेले व ३० जुलै रोजी ती याचिका फेटाळली गेली.

येथे मागणी शिक्षेची वा भरपाईची नव्हती. केवळ गुन्हा नोंदवून घ्यावा, एवढीच पहिली पायरी होती. ती गाठण्यास मृत्यूपासून सुमारे साडेसात महिने लागले, आणि तेही उच्च न्यायालयाचे पीठ परभणीहून एका दिवसाच्या प्रवासाच्या आत असताना.