पद्मिनीच्या टाकीत उसाची मळी

तर मंडळी, पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळणं ही काही कालपरवाची कल्पना नाही. साखर कारखान्यांची मळी इथलीच, पेट्रोल बाहेरचं. म्हणून १९४८ मध्येच ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ झाला होता. २००० मध्ये तो रद्द झाला, आणि गंमत बघा, लगेच २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेलीकडे नव्याने प्रयोग सुरू! २००३ मध्ये ५ टक्के, आता २० टक्के.

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मात्र साध्या पेट्रोलचा हिशोब धरून बनली होती. नव्या गाडीत सेन्सर हवा-इंधनाचं प्रमाण सांभाळतो. कार्बोरेटरला फक्त जेटचं भोक कळतं. इथेनॉलच्या वजनात जवळपास ३५ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. भोक तेवढंच, त्यामुळे मिश्रण लीन होतं. सकाळी चोक ओढून ओढून हात दुखतो, पिकअपला झटके बसतात. मग मेकॅनिक थोडा मोठा मेन जेट टाकतो.

पण मला विचाराल तर आधी पाइप बदला. जुनं रबर आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलने फुगतो, चिरतो. जेट चुकला तर गाडी अडेल. पाइप चिरला तर तापलेल्या इंजिनवर पेट्रोल गळेल.

आणि पावसाळाभर गाडी झाकून ठेवणाऱ्यांनो, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप नेमकं तळातूनच ओढतो.