असईच्या तोफा आणि मेल्याचे सोंग घेणारे गोलंदाज

मराठे इंग्रजांपुढे हरले ते जुनाट शस्त्रांमुळे, ही समजूत आजही सर्रास आढळते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे जे घडले, ते तिच्या नेमके विरुद्ध साक्ष देते.

महादजी शिंद्यांनी द बॉयन या सव्हायार्ड सेनानीकडून कवायती कंपू उभारून घेतले होते. चकमकीच्या बंदुका, संगिनी, ठोक्यावर पडणारी पावले हे सारे युरोपी धर्तीचे. आग्र्याला तोफा ओतल्या जात. दौलतरावांना हा वारसा आयताच मिळाला होता. असईला त्यांच्याबरोबर नागपूरचे रघूजी भोसले होते; कवायती पायदळ दहा हजारांच्या वर, तोफा शंभराच्या आसपास आणि घोडदळ अफाट. आर्थर वेलस्लीजवळ सुमारे साडेचार हजार कवायती सैन्य आणि वीसच्या आसपास तोफा, शिवाय म्हैसूर आणि पेशव्यांचे स्वार.

केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मराठी फौज केळणेकडे तोंड करून उभी होती. जवळ उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला मात्र पलीकडे दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. गावे अशी वसली आहेत म्हणजे उतार असलाच पाहिजे, हा त्याचा तर्क. तो खरा ठरला आणि इंग्रज मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आले.

बगल सापडली की त्या काळच्या रांगेतल्या फौजेचा निकाल लागलाच म्हणायचा. पण पोलमन या हनोव्हरच्या सेनानीने सबंध रांग काटकोनात वळवली. उजवी बाजू केळणेला टेकली, डावी असई गावाला. हजारो माणसे आणि तोफा शत्रूसमोर अशा फिरवणे ही कसलेल्या फौजेचीच करामत. वेलस्लीला ती अपेक्षित नव्हती.

मग तोफा बोलू लागल्या. लांबवर भरीव गोळा, आणि शत्रू जवळ आला की गोळ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. तोंडातून बाहेर पडताच तो फुटे आणि समोरची रांग कापली जाई. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मारले गेले, तेव्हा तोफा मागे टाकून संगिनी रोखत चालून जाण्यावाचून वेलस्लीपुढे मार्ग उरला नाही. उजवीकडील ७४वी पलटण चुकून असईच्या रोखाने फार पुढे गेली. तिचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले वा जखमी झाले. उरलेल्यांना मॅक्सवेलच्या घोडदळाने वाचवले.

डावीकडे ७८वी पलटण तोफांपर्यंत पोहोचली आणि पुढे निघून गेली. तेथे गाड्यांखाली निपचित पडलेले गोलंदाज मेलेले नव्हते. ते उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर बत्ती दिली! जिंकलेली रांग वेलस्लीला परत फिरून दुसऱ्यांदा जिंकावी लागली. या धुमश्चक्रीत त्याचा डायोमेड हा घोडा भाल्याने जखमी झाला. मॅक्सवेल तर त्याच दिवशी पडला.

असे असूनही पराभव का झाला? युद्ध सुरू होताच कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांना बोलावून घेतले होते. पुष्कळ पलटणी ऐनवेळी पोरक्या झाल्या. दोन्ही सरदारांनी रणांगण लवकर सोडले. आणि ते अफाट घोडदळ? ते जवळजवळ अलिप्तच राहिले. ७४वी पलटण एकाकी सापडली असता त्याने नेटाने घाव घातला असता, तर वेलस्लीचे काय झाले असते हा प्रश्न मोकळाच आहे. कवायती पायदळ आणि पारंपरिक घोडदळ एकाच फौजेत होते. त्यांना एका वेळी हलवणारा हुकूम मात्र नव्हता.

वेलस्लीच्या हाती ९८ तोफा लागल्या, पण त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली होती. कवायती सैन्याचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही, आपली सर्वोत्तम लढाई कोणती, या प्रश्नाला त्याने असईचेच नाव घेतल्याचे सांगतात.

१ नोव्हेंबरला उत्तरेत लासवारीला शिंद्यांचे गोलंदाज पुन्हा तसेच लढले. संगिनीने मारले जाईपर्यंत ते तोफा सोडत नव्हते, असे खुद्द जनरल लेकनेच कळवले आहे.