बेचाळीस साल आणि आपला वर्धा जिल्हा

बेचाळीस साल म्हटले की मुंबईचे गवालिया टँक मैदान डोळ्यांपुढे उभे राहते. पण ८ ऑगस्टच्या त्या ठरावाची पेरणी आपल्या वर्ध्यात झाली, हे आपण वर्धेकरही कधी कधी विसरतो. इंग्रजी सत्तेने हिंदुस्थान सोडावा, ही मागणी काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी येथेच मांडली.

वर्ष उजाडले तेच काळजीचे. ११ फेब्रुवारीस जमनालालजी बजाज निवर्तले आणि वर्धा पोरके झाले. चारच दिवसांनी सिंगापूर पडले. हजारो हिंदी सैनिक जपानच्या कैदेत गेले. मार्चमध्ये रंगून गेले. ६ एप्रिलला विशाखापट्टणम् व काकिनाडा येथे बाँब पडले. क्रिप्ससाहेब आले आणि रिकाम्या हाताने परतले. आपले जवान आफ्रिकेच्या वाळवंटात व ब्रह्मदेशाच्या जंगलात लढत होते. पण या युद्धात उतरायचे की नाही, हे देशाला कोणी विचारलेच नव्हते.

आता वर्ध्याचा ठराव पाहू. स्वतंत्र हिंदुस्थान जपानी आक्रमणाचा प्रतिकार करील आणि त्यासाठी दोस्तांच्या फौजा या भूमीवर राहण्यास काँग्रेसची हरकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे देशाने लढायला ना नव्हती; लढायचे ते कोणाच्या इच्छेने, एवढाच सवाल होता.

गंमत अशी की, हाच सवाल त्याआधी क्रिकेटनेही वर्ध्याच्या दारी आणून ठेवला होता. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि इतर असे पाच संघ धर्म-जातीवार उतरत. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी सल्ला घेण्यास गांधीजींकडे येथे आली. कॉलेजाकॉलेजांत किंवा संस्थासंस्थांत सामने व्हावेत, पण धर्मवार संघ कशाला, असे गांधीजींचे मत पडले. त्या वर्षी हिंदू संघ बाहेर राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा खेळला आणि जिंकलाही! बेचाळीसच्या हंगामात मात्र ते सामने भरलेच नाहीत. रणजी करंडकाचे सामने प्रांत व संस्थानांच्या नावाने झाले आणि बडोद्याने करंडक नेला. पंचरंगी सामने १९४५-४६ च्या हंगामानंतर कायमचे बंद पडले.

सभा, रणांगण आणि क्रीडांगण या तिन्ही ठिकाणी आपल्याला दुसऱ्याने पाडून दिलेल्या रांगांत उभे केले होते. त्या रांगा मोडण्याचा निश्चय या जिल्ह्यात झाला.

पण त्याची किंमतही जिल्ह्यानेच मोजली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीच्या ठाण्यावर तिरंगा लावण्यास निघालेल्या लोकांवर गोळ्या सुटल्या. सहा जण हुतात्मे झाले. चवताळलेल्या जमावाच्या हातून फौजदार व चार शिपाई मारले गेले. आष्टी-चिमूर खटल्यांत टांगणीला लागलेल्या फाशीच्या शिक्षा १९४५ साली जन्मठेपेत बदलल्या.

सेवाग्राम आणि आष्टी एकाच जिल्ह्यात आहेत. हुतात्म्यांपुढे आपण नतमस्तक होतो, तेव्हा ते पाच पोलीसही याच देशाचे होते, ही आठवण बाजूला सारू नये. रांगा मोडण्याचे व्रत ज्यांनी घेतले, त्यांना आपल्या हातून नवी रांग तर पाडली जात नाही ना, हे नित्य तपासावे लागते. बेचाळीसचा वारसा सांगणाऱ्या आपणा सर्वांवर ती जबाबदारी आजही आहे.