हरकत नसेल तर : धूम्रपानाचा शिष्टाचार आणि व्हिडिओ गेमची कुलपे

इंग्रजी अमदानीत १८९० साली भारतीय रेल्वेचा जो कायदा झाला, त्यातील ११०वे कलम आम्हांला मोठे मनोवेधक वाटते. धूम्रपानासाठी राखलेला डबा सोडून अन्य डब्यात, सहप्रवाशांच्या संमतीवाचून जो कोणी धूम्रपान करील, त्याला वीस रुपयांपर्यंत दंड, असा त्याचा आशय. कायद्याच्या रुक्ष भाषेत 'संमती' हा शब्द अवतरतो आणि विडी पेटवू पाहणाऱ्याला आधी तोंड उघडून विचारणे भाग पडते. पुढे ९९ वर्षांनी, १९८९ साली, स्वतंत्र भारताने नवा रेल्वे कायदा केला. त्याच्या १६७व्या कलमात असे म्हटले, की डब्यातील दुसऱ्या कोणी प्रवाशाने हरकत घेतल्यास धूम्रपान करता येणार नाही. दोन्ही कलमे वरवर एकसारखी भासतात, पण पहिल्यात बोलण्याचे ओझे पेटवणाऱ्यावर आहे, तर दुसऱ्यात ते खोकणाऱ्यावर येऊन पडले आहे. पहिल्यात मौन म्हणजे नकार, दुसऱ्यात मौन म्हणजे होकार. एका शतकात शिष्टाचाराची दिशा अशी उलटावी आणि त्याची कोणाला फारशी दखलही वाटू नये, हे आम्हांला नवलाचे वाटते.

या कलमांचा आणि व्हिडिओ गेमच्या नक्कलरोधक कुलपांचा संबंध काय, असे वाचक विचारील. संबंध तक्रारीचा आहे. धूम्रपानबंदीविरुद्ध सभ्य धूम्रपान करणारा जे म्हणतो, तेच खेळातील कुलपाविरुद्ध प्रामाणिक गिऱ्हाईक म्हणतो : मी विचारून वागतो, पैसे मोजून घेतो, मग बेपर्वा माणसाच्या अपराधाची शिक्षा मला का? तक्रारीचे शब्द सारखे असले तरी तिचे वजन दोन्हीकडे सारखे नाही, असे आमचे मत आहे. त्यासाठी दोन्हींचा इतिहास थोडा चाळायला हवा.

तंबाखू आपल्याकडे आली तीच मुळी दरबारी अदबीने. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग विजापूरहून परतताना ती अकबरासाठी घेऊन गेला. नळी, चिलीम, तबक असा सारा सरंजाम त्याने बादशहापुढे मांडला आणि हकिमांनी नापसंती दर्शवूनही बादशहाने दोन-चार झुरके घेतले, ही हकिकत त्यानेच लिहून ठेवली आहे. पुढे १६१७ साली जहांगीराने धूम्रपानाला मनाई केली. ती कितपत पाळली गेली हे पुढच्या शतकातील हुक्क्याच्या थाटावरून कळतेच. कलकत्त्याच्या कंपनी सरकारातील साहेबलोक हुक्का भरणारा खास चाकर पदरी बाळगीत, आणि दुसऱ्याच्या हुक्क्याची सटक ओलांडून जाणे हा तेथे उघड अपमान समजला जाई. इंग्लंडात १८६८च्या रेल्वे कायद्याने कंपन्यांना धूम्रपानासाठी वेगळे डबे जोडायला लावले. जेवणानंतर पुरुषमंडळींनी उठून धूम्रपानाच्या खोलीत जायचे, तेथे वेगळे जाकीट चढवायचे, म्हणजे धुराचा वास स्त्रियांच्या बैठकीत येऊ नये, ही त्या काळची रीत होती.

आपल्या मराठी मुलखात या शिष्टाचाराचे रूप निराळे. येथे प्रश्न धुराचा नव्हता, वडीलधाऱ्यांचा होता. मिसरूड फुटलेला, चार लेकरांचा बाप झालेला गडीसुद्धा वडील समोरून येताना दिसले की विडी मुठीत दडवीत असे. वडिलांना ते ठाऊक असे, मुलालाही वडिलांना ठाऊक असल्याचे ठाऊक असे, तरी विडी दडायचीच. उलट चंची सोडून अनोळखी माणसापुढे तंबाखू-चुना धरणे ही ओळख काढण्याची सर्वांत सोपी वाट होती, आणि एसटीच्या बाकावर जात, गाव, नाव विचारायच्या आधी तंबाखूची चौकशी होई. यात कोणाच्या छातीचा विचार नव्हता हे खरेच. विचार होता तो दुसऱ्याच्या उपस्थितीचा.

या सगळ्या शिष्टाचाराच्या पायाखालची जमीन १९८१ साली सरकली. जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या ९१ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन असे दाखवले, की धूम्रपान करणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. आता आम्हांला विचार पडतो तो त्या बायकांच्या 'संमती'चा. घरातला कर्ता पुरुष रोज संध्याकाळी सिगारेट पेटवण्याआधी 'हरकत नाही ना?' असे विचारीत असता, तरी 'आहे' असे उत्तर किती जणी देऊ शकल्या असत्या? शिष्टाचार बरोबरीच्या माणसांत चालतो. हॉटेलातला वेटर गिऱ्हाइकाला, कारकून साहेबाला, सून सासऱ्याला हरकत घेत नाही. १९८९च्या आपल्या कलमाचा दुबळेपणा नेमका हा होता, की ते हरकतीवर विसंबून होते, आणि ज्याला हरकत घेणे परवडते त्याला मुळात कायद्याची गरज कमी असते.

म्हणून मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी इस्पितळे, शाळा-महाविद्यालये, वाचनालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास बंदी घातली, ती कोणाची संमती वा हरकत न विचारता. २००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८पासून नवे नियम लागू झाले. तीस वा अधिक खोल्यांची हॉटेले, तितक्याच आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना मात्र वेगळी खोली राखण्याची मुभा राहिली. सभ्य धूम्रपान करणाऱ्याला येथे दुखावल्यासारखे झाले असेल, पण त्याच्या सभ्यतेने धूर विरघळत नव्हता. त्याची तक्रार आम्ही नोंदवून घेतो आणि बाजूला ठेवतो.

खेळांची गोष्ट नेमकी उलट्या टोकाने सुरू होते. तेथे विश्वासाचा काळ आधी आणि कुलपाचा नंतर, असे झालेच नाही. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना उघड पत्र लिहिले आणि आमची बेसिक भाषेची फीत फुकट उतरवून घेता ही चोरी आहे, असे त्यांना स्पष्ट सुनावले. घरगुती संगणकाचा धंदा जेमतेम उभा राहत होता, तोच पहिले भांडण झाले ते प्रतीवरून. त्याला दुसरे उत्तर १९८२ साली अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी दिले. त्यांनी 'पीसी-टॉक' हा आपला प्रोग्राम खुशाल वाटू दिला आणि त्यातच विनंती घातली, की आवडला तर काही डॉलर पाठवा. रेल्वेच्या पहिल्या कलमाप्रमाणे येथेही सगळा व्यवहार दुसऱ्याला विचारण्यावर उभा होता. ही रीत पुढे शेअरवेअर म्हणून रूढ झाली, आणि १९९३च्या डिसेंबरात 'डूम' आला तो याच वाटेने. पहिला भाग वाटेल त्याने वाटेल त्याला द्यावा, पुढचे हवे असतील तर पैसे धाडावे.

परंतु मोठ्या प्रकाशकांनी निवडले ते कुलूपच, आणि त्या कुलपांचा इतिहास करमणुकीचा आहे हे कबूल केले पाहिजे. १९८५ साली स्पेक्ट्रम संगणकावर 'एलिट' आला तो लेन्सलॉक नावाचे प्लास्टिकचे भिंग घेऊन. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरे त्यातून पाहून ओळखायची. काही डब्यांत भलतेच भिंग पडले, आणि खेळ विकत घेणारा आपल्याच खेळाच्या दाराबाहेर उभा राहिला. १९८९च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त राजपुत्र अशा दालनात येई जेथे अक्षरांखाली औषधाच्या बाटल्या मांडलेल्या असत. पुस्तिकेतल्या अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे आद्याक्षर शोधून त्याखालची बाटली प्यायची, नाहीतर मरण. १९९०च्या 'सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'ने तर यावर कडी केली. त्याच्या खोक्यात एकावर एक फिरणाऱ्या दोन कागदी चकत्या असत. एकीवर चाच्यांची कपाळे आणि दुसरीवर हनुवट्या. पडद्यावरचा चेहरा जुळवायचा आणि हा इसम अमुक बंदरावर कोणत्या साली फासावर गेला ते सांगायचे. चाचेगिरी रोखायला चाच्यांचीच चित्रे वापरण्यातली थट्टा करणाऱ्यांना कळत होती, आणि ती त्या खेळाच्या स्वभावाला शोभणारी होती.

आपल्याकडे त्या काळी हे खेळ पोचत ते बहुधा मित्राच्या फ्लॉपीवरून, पुस्तिकेवाचून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावोगावच्या संगणक वर्गांत जे मिळे, त्याला 'चोरीचा' असे कोणी म्हणत नसे, कारण 'रीतसर' असा दुसरा पर्याय दुकानात दिसतच नसे. पुस्तिकेचे झेरॉक्स निघत, अक्षरे वहीत उतरवली जात. या वागण्याचे आम्ही समर्थन करीत नाही. पण एका महत्त्वाच्या गोष्टीकडे ते बोट दाखवते. कुलूप फोडणाराने एकदा फोडले की त्याच्या प्रतीत बाटल्यांचा प्रश्नच उरत नसे. प्रश्न विचारला जाई तो केवळ खोका विकत घेणाऱ्याला, आणि दर वेळी. डब्यातल्या धुराचा त्रास निदान साऱ्यांना समान होतो. कुलपाचा त्रास निवडक असतो आणि ती निवड प्रामाणिक माणसाची असते. खेळणाऱ्याची तक्रार आम्ही बाजूला ठेवू शकत नाही ती यासाठी.

निर्मात्यांची बाजू मात्र लबाडीची नाही. २०००च्या 'स्पायरो : इयर ऑफ द ड्रॅगन'ची कथा पाहावी. इन्सोम्नियाक कंपनीच्या मंडळींना ठाऊक होते की कुलूप तुटणारच. त्यांनी ते टिकवायचे ठरवले काही आठवडे, कारण विक्रीचा मोठा वाटा पहिल्या दिवसांतच होतो. म्हणून फोडलेल्या प्रतीत खेळ सुरू तर होई, पण हळूहळू बिघडे. गोळा केलेल्या वस्तू नाहीशा होत, भाषा आपोआप बदले, आणि एक परी येऊन ही प्रत फोडलेली असावी असे अदबीने सांगे. पुरती फोडायला दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ लागला आणि तेवढ्यात कंपनीचे काम झाले. २०१३ साली 'गेम डेव्ह टायकून' करणाऱ्या दोघा भावांनी स्वतःच आपल्या खेळाची 'फोडलेली' प्रत सोडली, जिच्यात खेळाडूची कंपनी नक्कलखोरीपायी बुडे. पहिल्या दिवशी अस्सल प्रती खेळणारे २१४ निघाले आणि त्या दुसऱ्या प्रतीचे ३,१०४. शिष्टाचारावर पोट भरते असे कोणी म्हणू लागला, की आम्हांला हे दोन आकडे आठवतात.

तरीही पोलंडचा दाखला विसरता येत नाही. तेथे १९९४ साली नवा कॉपीराइट कायदा आला तेव्हा बाजार नकली प्रतींनी भरलेला होता. त्याच वर्षी निघालेल्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने १९९९ साली 'बॉल्डर्स गेट' आणला तो संपूर्ण पोलिश भाषेत, नामांकित नटांच्या आवाजांत, नकाशा-पुस्तकासह भरगच्च खोक्यात. नकली प्रतीत जे मिळणे शक्य नव्हते, ते त्यांनी विकले. याच मंडळींनी २००८ साली कुलपावाचून खेळ विकणारे 'गॉग' हे दुकान काढले. त्याच वर्षी 'स्पोर' तीनच संगणकांवर चालू करण्याची अट घेऊन आला, गिऱ्हाइकांचा भडका उडाला, अट पाचांवर न्यावी लागली, आणि बेकायदा उतरवलेल्या खेळांत त्या वर्षी त्याचे नाव अग्रभागी राहिले ते राहिलेच. २०१० साली 'असॅसिन्स क्रीड २' अखंड इंटरनेटच्या बोलीवर विकला गेला. मार्चमध्ये कंपनीचे सर्व्हर कोलमडले, तेव्हा पैसे भरलेले खेळाडू हात चोळीत बसले आणि फुकट्यांच्या प्रती पुढे तशाच चालू लागल्या.

आपल्या २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीत ६५अ हे कलम आले. कुलूप तोडणे तेथे गुन्हा ठरते ते हक्कभंगाच्या उद्देशाने तोडले तरच. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्याहून हे कलम आम्हांला अधिक सुसंस्कृत वाटते, कारण ते माणसाच्या मनात काय होते ते विचारते.

काळाने या वादात एक तिसरा पक्ष आणून बसवला आहे. २०१५ साली विंडोज १०ने सेफडिस्क नावाचे जुने कुलूप सुरक्षेच्या कारणास्तव चालवायचे बंद केले, आणि त्या सालापूर्वीच्या शेकडो अस्सल तबकड्या एका फटक्यात मुक्या झाल्या. फोडलेल्या प्रतींना काही झाले नाही. ३१ मार्च २०२४ रोजी 'द क्रू' या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद झाले तेव्हा तो विकत घेतलेल्यांच्या हाती खेळाचे काहीच उरले नाही. इंटरनेट अर्काइव्हवर अॅपल २चे कित्येक खेळ आज पाहायला मिळतात, ते कोणी टोपणनावाने बसून एकेका फ्लॉपीचे कुलूप काळजीपूर्वक काढल्यामुळे. जतन करणाऱ्या संस्थांनी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडे विनंती केली, की बाजारातून गेलेले जुने खेळ अभ्यासकांना दुरून पाहू द्यावेत. लोक संशोधनाच्या नावाखाली करमणूक करतील, अशी हरकत उद्योगाने घेतली, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ती विनंती नामंजूर झाली. ज्याला असा खेळ पाहायचा असेल त्याने ग्रंथालयापर्यंत प्रवास करावा, राखून ठेवलेल्या खोलीत जाऊन बसावे, आणि तेथेच खेळावे.