पांढुर्ण्याची गोटमार आणि आरोग्यखात्याची तयारी

आरोग्यखात्यावर कोसळणारी संकटे बहुधा वर्दी न देता येतात. पटकी कोणत्या गावी उद्भवेल, पूर कोणत्या रात्री येईल, हे कोणत्याही पंचांगात लिहिलेले नसते. पांढुर्णा येथील संकटास मात्र तिथी आहे. पिठोरी अमावास्येचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगाव येथील मंडळी एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात, आणि शेकडो माणसे रक्तबंबाळ होतात. हीच ती गोटमार.

नावावरूनच वाचकांनी ओळखले असेल की हा मुलूख मध्य प्रदेशात असला तरी भाषेने आपला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला, आणि त्याच्या दक्षिण टोकाचे पांढुर्णा व सौसर हे मराठी तालुकेही त्याबरोबर तिकडेच राहिले. २०२३ साली ह्या दोन तालुक्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा करण्यात आला.

गोटमारीच्या मुळाशी एक आख्यायिका सांगतात. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावच्या मुलीस पळवून नेताना दोघे नदीच्या मध्यावर अडकली, दोन्ही गावांनी दगड उचलले, आणि त्या वर्षावात दोघांचाही अंत झाला. ही कथा इतिहास म्हणून कितपत टिकेल हे आम्ही सांगू इच्छीत नाही. आज पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण बांधतात. ते तोडून आणणारा पक्ष विजयी ठरतो, आणि शेवटी ते निशाण चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होते. १९५५ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर मृतांचा आकडा डझनाच्या वर जातो. १९७८ आणि १९८७ ह्या साली पोलिसांना गोळीबार करावा लागला. २००१ साली प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. खेळणाऱ्यांनी ते बाजूस सारून नदीतले गोटेच उचलले. २०२५ च्या गोटमारीत जखमींची संख्या नऊशेच्या वर गेली.

आपल्या देशात स्थानिक आरोग्यव्यवस्था संकटाची पूर्वतयारी शिकली ती बव्हंशी यात्रांतूनच. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली, आणि मेळा भरण्यापूर्वी पाणी, शौचकूप व दवाखाने ह्यांची व्यवस्था लावणे हे सरकारी कर्तव्य ठरत गेले. पंढरीच्या वारकऱ्यांस पटकीची लस टोचण्याची मोहीम आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील आहे. ह्या साऱ्या तयारीचा हेतू एकच असे: रोग होऊच नये. पांढुर्ण्यास तयारी करावी लागते ती जखमा होणारच हे गृहीत धरून.

अशी तयारी वाटते तितकी सोपी नाही. जखमींस प्रवाहापलीकडे नेणे अवघड, म्हणून उपचाराची सोय दोन्ही तीरांस हवी. आसपासच्या तालुक्यांतून डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिका आधीच आणून ठेवाव्या लागतात. जखमा मातीने माखलेल्या असल्याने धनुर्वाताच्या लसीचा साठा हवा. सर्वांत कठीण काम निवडीचे. डोक्याची कातडी फाटली की रक्त भळाभळा वाहते आणि पाहणाऱ्याचा धीर सुटतो, तरी ती जखम चार टाक्यांत आटोपते. उलट कवटीच्या आत रक्त साकळत असलेला मनुष्य बाहेरून धडधाकट दिसतो, बोलतो, चालतो, आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. डोळ्यास दगड लागला असेल तर डोळा दाबून बांधणे हेच घातक. त्यावर दाब न पडेल असे आच्छादन घालून रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे लागते. अत्यवस्थांस सौसरमार्गे छिंदवाड्यास किंवा सुमारे शंभर किलोमीटरांवरील नागपुरास हलवितात. गर्दीने तुंबलेल्या गावातून रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवणे हेही तयारीतच मोडते, आणि ते डॉक्टरांच्या हातचे नसते.

येथे आम्हांस एक गोष्ट खुपते. तयारी जितकी चोख, तितका खेळणाऱ्यांचा धाक कमी. पट्टी बांधून घेऊन पुन्हा नदीकडे धावणारेही असतात. तरीही ह्यावरून कोणी म्हणेल की तंबूच ठोकू नयेत, तर ते आम्हांस मान्य नाही. ज्याचे डोके फुटले आहे त्यास आरोग्यखाते दारातून परत पाठवू शकत नाही. दगड थांबविण्याचे काम त्या खात्याचे नाही. ते ज्यांचे निशाण मंदिरात जाते त्यांचे आहे.

आणि ते अशक्य आहे असेही म्हणवत नाही. सातारा जिल्ह्यातील सुखेड आणि बोरी ह्या गावांमध्येही ओढाच आहे, आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तेथील बाया दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींस यथेच्छ शिव्या घालतात. बोरीच्या बारास टाके घालणारा डॉक्टर लागत नाही! कुमाऊँतील देवीधुरा येथे वाराहीदेवीच्या अंगणात रक्षाबंधनास असेच दगडांचे युद्ध होई. २०१३ साली उच्च न्यायालयाने दगडांस मनाई केल्यावर तेथे फळे व फुले फेकू लागले. दगड तेथूनही पुरते गेलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. परंतु फळे आणि फुले देवीच्या पूजेतलीच असल्याने ती हाती घेण्यात कोणास कमीपणा वाटला नाही. पांढुर्ण्याचे रबरी चेंडू कचेरीतून आले होते. त्यांस देवीच्या दारी काहीच स्थान नव्हते.

संध्याकाळी निशाण चंडीमातेस वाहिले जाते आणि नदीचे पात्र रिकामे होते. दवाखान्यातील काम तेव्हा संपत नाही. डोक्यास मार लागलेल्यांपैकी ज्यांस ठेवून घेतले असेल त्यांस ठरावीक वेळाने हाक मारून, नाव विचारून, बाहुल्यांवर उजेड टाकून पाहावे लागते. ही फेरी रात्रभर चालते, आणि नागपुराकडे न्यावयाची गाडी बाहेर उभी असते.