पाणी हिरवं झालं म्हणजे विषारी झालं का? नत्र आणि स्फुरदाचं गणित समजून घ्या

उन्हाळ्यात धरणाचं किंवा तळ्याचं पाणी हिरवंगार झालं की त्याचे फोटो सोशल मीडियावर फिरू लागतात. उजनी धरण आणि कोल्हापूरचा रंकाळा ही महाराष्ट्रातली नेहमीची उदाहरणं. खाली कमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, 'साधं शेवाळ आहे', दुसरा म्हणतो, 'पाण्यात विष आहे'. नुसत्या रंगावरून दोघांपैकी कोण बरोबर, हे सांगता येत नाही. पाणी किती हिरवं होणार आणि किती विषारी होणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हे शेवाळ नेमकं काय आहे?

आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो, ते खरं तर शेवाळ नाही. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू असतात. त्यातला मायक्रोसिस्टिस हा प्रकार जगभरातल्या गोड्या पाण्यात आढळतो. त्याच्या पेशींमध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यामुळे संथ, कोमट पाण्यात तो वर तरंगतो आणि पृष्ठभागावर हिरव्या रंगासारखा तवंग जमतो.

त्याच्या काही वाणांमध्ये मायक्रोसिस्टिन हे यकृतावर घाव घालणारं विष तयार होतं, काहींमध्ये होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. विष आहे की नाही, हे प्रयोगशाळेतल्या तपासणीतूनच कळतं.

स्फुरद ठरवतं 'किती'

गोड्या पाण्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, सहसा कमी असतो. तो वाढला की सायनोबॅक्टेरिया झपाट्याने वाढतात. कॅनडातल्या 'लेक २२७' या छोट्या तलावात १९६९ पासून मुद्दाम खत टाकून प्रयोग सुरू झाला. १९९० पासून नत्र टाकणं थांबवलं, स्फुरद मात्र चालू ठेवलं. तरीही तलाव हिरवा होतच राहिला, कारण काही सायनोबॅक्टेरिया हवेतला नत्र स्वतःच वापरात आणू शकतात. म्हणूनच अनेक वर्षं 'स्फुरद रोखा, प्रश्न सुटेल' असाच सल्ला दिला जात होता.

नत्र ठरवतं 'किती विषारी'

मायक्रोसिस्टिसला मात्र हवेतला नत्र घेता येत नाही. त्याला पाण्यातल्या अमोनिया, नायट्रेट किंवा युरियावरच अवलंबून राहावं लागतं. इथे विषाची रचना महत्त्वाची ठरते. मायक्रोसिस्टिन-एलआर या सर्वाधिक अभ्यासलेल्या प्रकाराच्या एका रेणूत नत्राचे १० अणू असतात, स्फुरदाचा एकही नसतो. नत्र मुबलक असेल तर पेशीला हे 'महागडं' रसायन बनवणं परवडतं. नत्राची टंचाई असेल तर ती आधी जगण्यापुरतं बघते. नत्र वाढल्यावर मायक्रोसिस्टिसच्या प्रत्येक पेशीतलं विष वाढल्याचं प्रयोगांमध्ये दिसलं आहे. प्रकाश, तापमान आणि वाण यांचाही यात वाटा असतो.

मग फक्त स्फुरद कमी केलं तर? अमेरिकेतल्या ईरी सरोवराबद्दल २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. स्फुरद कमी केल्यावर शेवाळ घटेल, पण उरलेल्या पेशींच्या वाट्याला जास्त प्रकाश आणि जास्त नत्र येईल, त्यामुळे विष वाढू शकतं, असं त्यातल्या संगणकीय मॉडेलने दाखवलं. या निष्कर्षावर शास्त्रज्ञांमध्ये वादही झाला. पण नत्र आणि स्फुरद दोन्ही रोखायला हवेत, हा विचार आता बळावला आहे.

रहिमतपूरच्या उसाशी याचा काय संबंध?

सातारा जिल्ह्यातलं रहिमतपूर कृष्णेच्या खोऱ्यात येतं. हा उसाचा पट्टा, आणि इथून पुढे कृष्णा कराड, सांगलीकडे जाते. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र आणि १७० किलो स्फुरद अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी १६० किलो नत्र. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के नत्र असतं. सगळं नत्र युरियातून द्यायचं ठरवलं, तर एकरी पावणेआठ गोण्या लागतात.

हा शिफारशीचा हिशेब झाला. पण युरियाची गोणी साधारण २६६ रुपयांना, तर डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांना मिळते. त्यामुळे हात युरियाकडेच जास्त वळतो. पिकाने न उचललेला नत्र नायट्रेट होऊन पाटपाण्याबरोबर सहज वाहून जातो. स्फुरद मातीच्या कणांना चिकटतो आणि पावसात मातीबरोबर ओढ्यात उतरतो. गावांचं, शहरांचं सांडपाणी तर दोन्ही घेऊन येतं. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पोहोचतं, आणि सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं.

धोका किती गंभीर?

१९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष होतं. त्यात ५२ रुग्णांचे मृत्यू याच विषामुळे झाल्याचं तपासात निष्पन्न झालं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडोत सुमारे चार लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे.

पाणी उकळलं तर चालेल?

नाही. उकळल्याने मायक्रोसिस्टिन नष्ट होत नाही. उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढू शकतं. हिरव्या पाण्यात मोरचूद टाकणंही धोक्याचं आहे, कारण पेशी फुटून आतलं विष पाण्यात मिसळतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर १९७९ मध्ये जलाशयात मोरचूद टाकल्यानंतर १४८ जण आजारी पडले होते. तिथलं विष वेगळ्या सायनोबॅक्टेरियाचं होतं, पण धडा तोच. जलशुद्धीकरण केंद्रात पेशी न फोडता आधी काढून टाकणं आणि मग सक्रिय कार्बन वापरणं, ही योग्य पद्धत आहे.

मग करायचं काय?

हिरवा तवंग दिसत असेल तिथे पोहू नका, मुलांना उतरू देऊ नका, जनावरांना ते पाणी पाजू नका. ते पाणी नळाला येत असेल तर नगरपालिकेकडे मायक्रोसिस्टिनची तपासणी झाली का, हे विचारा. शेतात माती परीक्षण करून खत द्या, युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्या आणि खतानंतर लगेच मोकाट पाणी सोडू नका. ठिबकमधून खत दिलं तर वाहून जाणारा नत्र आणखी कमी होतो. सांडपाणी नदीत सोडण्याआधी त्यातून नत्र आणि स्फुरद दोन्ही काढले जातात का, हाही प्रश्न विचारायला हवा. 'पाणी आता हिरवं दिसत नाही' एवढ्यावर समाधान मानता येणार नाही.